डब्याने पिकअप वाढतो म्हणे!

आली, आणखी एक आली. १६ टन माल घेऊन कसाऱ्याच्या घाटात मुंगीच्या पावलांनी चढलेली गाडी, चेक लाइट पेटलेला आणि शेठचं ठरलेलं पालुपद: "सेन्सर गेलाय, बदलून टाका." सेन्सर ठणठणीत आहे हो! त्याच्या वायरीवर "तीस टक्के पिकअप वाढेल" म्हणून बसवलेला तो डबा काढा आधी.

आणि डबा तरी कसला? काडेपेटीएवढं प्लॅस्टिक, आत दोन रेझिस्टर. रेल म्हणजे नोझलना जास्त दाबाचं डिझेल पुरवणारी नळी; तिच्या प्रेशर सेन्सरला तीन वायरी: ५ व्होल्ट, ग्राउंड, सिग्नल. त्यातली सिग्नलची मधोमध कापली, दातांनी साल काढल्यासारखी सोलली, पिळली आणि वर काळी टेप. सोल्डर नाही, स्लीव्ह नाही. उष्णतेने टेपचा डिंक पाघळून बोटांना चिकटतोय. अहो, गजरा ओवणारी बाईसुद्धा याहून नीट गाठ मारते! सांधा हलला की सिग्नल नाचतो, इंजिन धक्के खातं, पी०१९२ (रेल प्रेशरचा सिग्नल कमी) हा कोड पडतो, आणि दोष सेन्सरला.

हिशोब तरी करा. १८०० बारपर्यंत दाब मोजणारा सेन्सर ०.५ ते ४.५ व्होल्ट देतो, म्हणजे व्होल्टमागे ४५० बार. १५०० बारला ३.८३ व्होल्ट. डबा त्यातले ८ टक्के खातो. ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं प्रेशर कमी आहे, तो पंपाला रेटतो, रेलमध्ये होतात जवळजवळ १६५०. नोझल उघडी राहण्याचा वेळ मात्र तोच, आणि डिझेल वाढतं दाबाच्या वर्गमुळाने. म्हणजे जेमतेम ५ टक्के! ते "तीस टक्के पिकअप" कुठल्या दुकानात मिळतं? वर घाटात ईसीएमने १७०० मागितले की रेल १८६७ वर पळते, जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उडतो, प्रेशर कोसळतं, गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे ईसीएम ताकद मुद्दाम आवळतो. झाली मुंगी. असा उडालेला व्हॉल्व्ह पुढे गळूही लागतो, मग सकाळी स्टार्टिंगची बोंब.

दुसरे महाभाग हवेच्या तापमानाचा सेन्सर फसवतात. २० अंशांना अडीच किलोओहम दाखवणाऱ्या सर्किटमध्ये रेझिस्टर वाढवून सहाच्या आसपास नेतात, म्हणजे जवळजवळ शून्य अंश. नागपूरच्या मे महिन्यात इंजिनाला हिवाळा दाखवायचा! ईसीएम समजतो हवा दाट आहे, डिझेल जास्त सोडतो. हवा आहे तेवढीच, म्हणून काळा धूर आणि तापलेला टर्बो. बीएस ६ असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी गाळणारा फिल्टर, तुंबतो, तो वेगळा. खरं रिमॅपिंग म्हणजे ईसीएमच्या प्रोग्राममध्येच टॉर्क लिमिट, स्मोक लिमिट, टर्बोचा बूस्ट, टायमिंग सगळं एकत्र बदलायचं, डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), एक्झॉस्टचं तापमान बघत. मग क्लच झेपेल का, हा प्रश्न आहेच.

हेच लोक बॅटरी न काढता चॅसीला वेल्डिंग मारतात. हेच गाडी धुताना ईसीएमच्या कनेक्टरवर प्रेशर पंपाचं पाणी सोडतात. हेच नळाच्या पाण्यात शेतातला युरिया ढवळून ३२.५ टक्क्यांचं डीईएफ (धूर शुद्ध करायचं युरियाचं द्रावण) "घरीच" बनवतात!

ओरडून घसा बसला. खरं तर दिवाळीला डबेवाल्याला मिठाई पाठवायला हवी, गॅरेजचं भाडं त्याच्याच कृपेने निघतं.

आणि पिकअप मुळात का गेला होता? गाडी रेस करून इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजवर साबणाचं पाणी मारलं. क्लिपखाली बोटभर चीर, बुडबुडेच बुडबुडे. होज बदलला, डबा काढला, गाडी पळाली.

शेठ आता तो डबा परत मागतायत. दुसऱ्या गाडीला लावायचा आहे.