‘दीड महिना नुसतं मिठाचं पाणी दाखवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

‘दीड महिना नुसतं मिठाचं पाणी आणि दगड दाखवले, मासे मेले तेव्हा फोन उचलला नाही, आणि रात्रभर गुडगुड आवाज’ असं लिहून आपण आम्ही बसवलेल्या समुद्री माशांच्या टँकला एक तारा दिलात. फोन उचलला गेला नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आवाजाची चूकही आमचीच. टँकमधलं जादा पाणी खाली नेणाऱ्या ओव्हरफ्लोच्या पाइपात पाण्याबरोबर हवा ओढली जाते, म्हणून तो येतो. गेट व्हॉल्व्ह (पाइपावरची चावी) आवळून मुख्य पाइप पाण्याने पूर्ण भरलेला ठेवला की थांबतो. हे आम्ही काम सोपवण्याआधीच करायला हवं होतं.

पण दीड महिन्याबद्दल आपण जे लिहिलंत, ते फार लागलं. वेळ काढायचा म्हणून कोणी टँक तसाच ठेवत नाही. आपला टँक १८० बाय ७५ बाय ७५ सेंटिमीटरचा, म्हणजे हजार लिटरचा. आधी तीन दिवस साधं पाणी भरून गळती तपासली, कारण भिंतीत बसलेला टँक नंतर बाहेर काढता येत नाही. मग टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेलं आरओ-डीआय, म्हणजे गाळून क्षार काढलेलं पाणी, त्यात सुमारे ३८ किलो रीफ सॉल्ट (समुद्राचं पाणी बनवायचं मीठ), पंप लावून २४ तास ढवळणं, घनता १.०२५, तापमान २५ अंश. त्यानंतर दगड. इथून पुढे घाई करताच येत नाही. माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाहेरून काहीच घडताना दिसत नाही, हे मान्य. पण अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत मासा सोडायचा नाही, हे आपल्याला दिलेल्या कागदावर पहिल्याच ओळीत आहे.

नवव्या दिवशी आपण दुसरीकडून सात क्लाऊनफिश आणून सोडलेत. आम्ही येऊन अमोनियाची चाचणी केली, तेव्हा टेस्ट ट्यूबमधलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवं झालं, म्हणजे पाण्यात अमोनिया होता. ती नोंद कॅबिनेटच्या दारामागच्या वहीत आहे. समुद्री पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ८.२ च्या आसपास असतो आणि तिथे अमोनिया जास्त विषारी ठरतो. त्या माशांना वाचवणं आमच्या हातात नव्हतं, आणि ते आमच्या नावावर लिहिलं गेलं याचं वाईट वाटतं.

काचेवरचा तपकिरी थर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा आहे. नवीन टँकमध्ये तो येतोच. पण वाफ होऊन कमी झालेलं पाणी आपण नळाने भरलंत. त्यातल्या सिलिकेट या क्षारावर डायटम पोसतात, म्हणून तो वाढला. मीठ वाफेबरोबर जात नाही, म्हणून भर फक्त आरओ-डीआय पाण्याचीच घालायची. भिंतीमागचा एक्झॉस्ट पंखाही बंद होता. एवढ्या टँकमधून रोज आठ-दहा लिटर पाणी उडतं. ती दमट हवा बाहेर गेली नाही तर भिंतीच्या रंगाला फुगे येणारच.

यापुढे वेळापत्रक अधिक नीट समजावून देऊ, फोनचंही बघतो. या आठवड्यात माणूस येऊन व्हॉल्व्ह नीट आवळून देईल, त्याचे पैसे घेणार नाही. तोवर कृपया एक्झॉस्ट चालू ठेवा आणि नवीन मासा सोडू नका.