शंभरातले दोन रुपये

हरित, म्हणजे सौर किंवा पवन विजेवर पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनवरून भारतात चाललेल्या वादात दोनच सूर ऐकू येतात: इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करणारी यंत्रं) बाहेरून आणा, नाहीतर कारखाने देशातच उभारा. जानेवारी 2023 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनच्या 19,744 कोटींपैकी 17,490 कोटी उत्पादनाच्या प्रोत्साहनाला आहेत, संशोधनाला 400 कोटी. शंभरातले दोन रुपये!

जर्मनीतून पाहताना हा आकडा टोचतो, कारण खरी अडचण संशोधनाच्याच वाट्याची आहे. अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर दिसायला साधा: 25 ते 30 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, निकेलचे इलेक्ट्रोड, मध्ये दोन्ही वायू वेगळे ठेवणारा सच्छिद्र पडदा. स्थिर वीज मिळाली तर तो वर्षानुवर्षं चालतो. सौर वीज मात्र ढग आला की कोसळते. भार, म्हणजे संचाला मिळणारी वीज, फार उतरला की ऑक्सिजन कमी तयार होतो, पण पडद्यातून झिरपणारा हायड्रोजन त्या प्रमाणात घटत नाही. ऑक्सिजनमध्ये तो 4 टक्क्यांच्या आसपास गेला की मिश्रण पेट घेऊ शकतं, म्हणून यंत्रणा त्याच्या बरीच आधी संच बंद करते. बंद पडताना उलटा प्रवाह वाहतो आणि इलेक्ट्रोड झिजतात. सौर विजेवर हे रोज संध्याकाळी होणार. शिवाय एक किलो हायड्रोजनला लागणाऱ्या 50–55 युनिटांपैकी दहाहून अधिक उष्णता होऊन बाहेर पडतात. राजस्थानात 45 अंशांच्या हवेत ती टाकायची कुठे? पाण्याने गार करावं, तर तिथे पाणीच दुर्मीळ.

जर्मनीने 2021 मध्ये तीन हायड्रोजन संशोधन प्रकल्पांना मिळून 74 कोटी युरोपर्यंत निधी ठेवला. त्यांतला 'एच-टू-गीगा' इलेक्ट्रोलायझरच्या घाऊक उत्पादनासाठीच होता. तरीही 2030 चं 10 गिगावॉट इलेक्ट्रोलायझरचं उद्दिष्ट इथे खूप लांब आहे, वीजच महाग पडते. म्हणून जर्मनीचा कित्ता गिरवा, असं मी म्हणणार नाही. उत्तर समुद्राच्या थंड वाऱ्यावरचे आकडे कच्छला लागूही पडत नाहीत.

आपले आकडे आपणच काढायला हवेत. प्रोत्साहनाच्या रकमेतला एक हप्ता अटीवर द्यावा: एक मेगावॉटचा संच दोन उन्हाळे खऱ्या सौर विजेवर चालवायचा. भार, तापमान, ऑक्सिजनमधला हायड्रोजन, किलोमागची वीज आणि संच किती वेळा बंद पडला, याच्या नोंदी सर्वांना खुल्या ठेवायच्या. झिजलेले इलेक्ट्रोड भंगारात न टाकता तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे द्यायचे.