पहिला तास मैदानाला द्या

मी अकोल्यात १९ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवते. मुलांसाठी मी 'पीटीच्या मॅडम'. सकाळची शाळा सुरू झाली की आमच्या तासाचं जे होतं, त्याबद्दल आज सविस्तर लिहिते आहे. पालकांनी आणि मुख्याध्यापकांनी जरा वेळ काढून वाचावं.

२०२५ च्या मार्चअखेर शिक्षण विभागाने उन्हामुळे राज्यभर शाळा सकाळी भरवायला सांगितल्या. प्राथमिक ७ ते ११.१५, माध्यमिक ७ ते ११.४५. निर्णय चांगलाच होता, विदर्भात तर आम्ही वर्षानुवर्षं असंच करत आलो आहोत. पण वेळापत्रक मांडायला बसलं की पहिले तीन तास गणित, विज्ञान, इंग्रजीला जातात, कारण तेव्हा मुलं ताजी असतात. पीटी येते सातव्या नाहीतर आठव्या तासाला, म्हणजे अकराच्या सुमारास. गणित पंख्याखाली शिकवता येतं, खो-खो येत नाही, एवढी साधी गोष्ट त्या बैठकीत मला दरवर्षी नव्याने सांगावी लागते.

एप्रिलमध्ये अकरा वाजता आमच्या मैदानावर तळहाताची मागची बाजू टेकवून बघा. मी रोज बघते. पाच आकडे मोजेपर्यंत हात ठेवता आला नाही, तर त्या जमिनीवर मुलांना बसवायचं नाही, हा माझा नियम. काळ्या मातीचं मैदान, त्याला बोटभर रुंद भेगा पडलेल्या, त्यात पाय अडकून मुरगळतो तो वेगळाच. वर्तमानपत्रात 'अकोला ४३' छापून येतं तेव्हा लक्षात ठेवा, तो आकडा सावलीतल्या, हवा खेळती असलेल्या पेटीतल्या तापमापकाचा असतो. मैदानावर धावणाऱ्या पोराच्या डोक्यावर सावली नसते, आणि खालून जमीनही भाजत असते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. १ मेच्या झेंडावंदनासाठी लेझीम बसवत होते. सातवीची एक मुलगी दुसऱ्या रांगेत होती, एरवी ताल कधी न चुकवणारी. त्या दिवशी तिची लेझीम प्रत्येक ठेक्याला किंचित मागे पडत होती. मी दोनदा रागावले, "लक्ष कुठं आहे?" तिसऱ्यांदा तिने हात खाली सोडले आणि म्हणाली, "मॅडम, मले गरगरून राह्यलं." कडुनिंबाखाली आडवं केलं, पाय उंच ठेवले, माझी ओढणी माठातल्या पाण्यात बुडवून मानेवर आणि काखेत लावली, दोघींनी वह्यांनी वारा घातला. अर्ध्या तासाने ती उठून बसली. नशीब. पण तो मागे पडलेला ठेका मी विसरलेले नाही. उन्हाने शरीर आधी तोच निरोप देत होतं आणि मी त्याला आळस समजले. आता कुणी सोपी गोष्ट चुकायला लागलं, उगाच चिडायला लागलं, विचित्र उत्तर द्यायला लागलं, की मी आधी खेळ थांबवते.

तिच्या दप्तरातली पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली होती. "काऊन नाही पेलं?" म्हणून विचारलं, तर हळू आवाजात म्हणाली, "पेलं की मंग बाथरूमला जा लागते."

हे वाक्य मी त्यानंतर शेकडो मुलींकडून ऐकलं. स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही, वास येतो, म्हणून मुली सकाळी सहापासून दुपारी घरी जाईपर्यंत पाणी पीतच नाहीत. मग त्यांना उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते, आणि तेही त्या आईला आठवड्याने सांगतात. उन्हाळ्यातल्या मैदानाची तयारी मुलींच्या स्वच्छतागृहापासून सुरू होते, हे माझं ठाम मत आहे. कडी बसवायला किती पैसे लागतात? आम्ही शिक्षिकांनी वर्गणी काढून बसवली. रोज दोन बादल्या पाणी भरून ठेवायची जबाबदारी वाटून घेतली. अकोल्यात पाण्याचे काय हाल असतात ते इथल्यांना सांगायला नको, पण दोन बादल्या निघतात.

"मग उन्हाळ्यात पीटी बंदच करा ना," असं मला अनेक पालक सांगतात. माझा याला विरोध आहे. शरीराला उन्हाची सवय होते, त्याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. रोज थोडं थोडं काम केलं की घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, छातीची धडधड कमी होते. मुलांमध्ये ही सवय मोठ्यांपेक्षा सावकाश होते, त्यांना घामही कमी येतो, म्हणून त्यांना आणखी हळू घ्यावं लागतं. पण कूलरसमोर दोन महिने झोपवून ठेवलेलं मूल जूनअखेर शाळा उघडल्यावर एकदम मैदानावर आलं, तर काय होईल? माझ्या मते मेपेक्षा ते दिवस जास्त धोक्याचे. पाऊस लांबलेला असतो, पारा ३८ च्या आसपास असतो, हवा दमट असते, आणि आम्ही शाळेचा संघ निवडायला मुलांना पळवत असतो. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हाने १४ माणसं गेली, तेव्हा तिथलं तापमान ४० च्या आतच होतं. ती माणसं तर बसलेली होती. म्हणून नुसता पारा बघून 'आज चाळीस नाही, पळवा' असं ठरवणाऱ्यांची मला भीती वाटते.

माझ्या हातात पहिला तास आला की मी काय करते? आदल्या संध्याकाळी शिपाईकाका मैदानाच्या एका कोपऱ्यात पाणी मारतात. सात वाजता सूर्य तिरपा असतो, इमारतीची आणि कडुनिंबाची सावली लांब पडलेली असते, त्या सावलीत लंगडी, खो-खोच्या खांबाच्या उड्या, सूर्यनमस्कार. लांब पल्ल्याचं धावणं एप्रिलमध्ये नाहीच. दर दहा मिनिटांनी शिट्टी, आणि शिट्टी म्हणजे पाणी. तहान लागो न लागो, दोन-चार घोट. मुलांच्या जोड्या लावते आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराकडे लक्ष ठेवायचं. पॉलिस्टरच्या ट्रॅकसूटची सक्ती मी स्वतःच्या जबाबदारीवर सोडली, सुती सदरा चालतो, डोक्याला रुमाल चालतो. काही मुलांच्या खिशात आजीने दिलेला कांदा असतो. आजीची माया म्हणून तो राहू द्यावा, पण भरवसा पाण्यावर ठेवावा.

आणि उन्हात उभं करण्याची शिक्षा अजून दिली जाते. गृहपाठ केला नाही म्हणून, केस वाढले म्हणून. हे कुणी करत असेल तर ते आजच थांबवा, हात जोडून सांगते.

एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाला तोंडपाठ हवी. मूल बरळायला लागलं, ओळखेनासं झालं, शुद्ध हरपली, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात समजायचा. एकाने १०८ ला फोन करायचा आणि गाडीची वाट बघत बसायचं नाही. त्याच क्षणी सावलीत घेऊन कपडे सैल करायचे, अंगावर सतत पाणी ओतायचं, वारा घालायचा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. आधी थंड करणं, मग दवाखाना. त्या पहिल्या काही मिनिटांवर सगळं असतं.

आमच्याकडे यंदा आठवीच्या दोन्ही तुकड्यांचे तास पहिल्या तासाला आले. गणिताच्या सरांनी स्वतःहून अदलाबदल केली, त्यांचे मनापासून आभार. मैदानावरून आलेली पोरं दुसऱ्या तासाला जास्त जागी असतात, असं आता तेच स्टाफरूममध्ये सांगतात. नववीची पीटी मात्र अजून आठव्या तासालाच आहे. मी परत अर्ज दिला आहे. तुमच्या मुलाच्या वेळापत्रकात पीटी कितव्या तासाला आहे, ते आज त्याला विचारून इथे खाली लिहा.