नोबिता होणे येरागबाळ्याचे काम नोहे

चिरंजीवांना गणितात ३५ पडले की आपल्याकडचे बाबा उसळतात, "अगदी नोबिता झालायस!" यात अपमान होतो तो नोबिताचा. ३५ म्हणजे पास, साहेब. 'डोरेमॉन' या जपानी कार्टूनमधला, तोक्योच्या नेरिमा भागात राहणारा, पाचवीतला नोबिता नोबी शून्य मिळवतो आणि तेही चुकूनमाकून नव्हे, वर्षानुवर्षं, सातत्यानं. चार पर्यायांचे वीस प्रश्न तुम्ही डोळे मिटून रंगवून आलात तरी सरासरी पाच बरोबर निघतात. एवढी नशिबाची खैरात कुणाच्याही वाट्याला येते. शून्यावर टिकायचं तर तीसुद्धा परतवून लावावी लागते. म्हणून ज्यांना मनापासून नोबिता व्हायचंय, मग वय दहा असो की पंचेचाळीस, त्यांनी आधी कंबर कसावी. (कसून झाली की लगेच आडवं व्हावं. त्याबद्दल पुढे.)

सुरुवात भविष्यापासून करू. मुलांच्या मासिकांच्या जानेवारी १९७० च्या अंकांत नोबिताची पहिली गोष्ट छापून आली. नव्या वर्षाचा पहिला दिवस आहे, स्वारी खोलीत निवांत पडली आहे आणि यंदा काहीतरी चांगलं घडणार असं मनाशी म्हणते आहे. तेवढ्यात टेबलाच्या खणातून एक निळं यांत्रिक मांजर, म्हणजे भविष्यातून आलेला डोरेमॉन, डोकं काढतं आणि सांगतं की अर्ध्या तासात तुला फास लागणार आणि चाळीस मिनिटांत तू होरपळणार. मागोमाग नोबिताचा खापरपणतू बाहेर येतो. त्याच्याजवळ फोटोंचा अल्बम आहे. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत नापास. नोकरी कुणी देईना म्हणून स्वतःची कंपनी. कंपनी जळून खाक. मग दिवाळं आणि दाराशी देणेकरी. कर्ज इतकं की शंभर वर्षांनीही फिटलेलं नाही आणि त्यापायी खापरपणतवाला नववर्षाची ओवाळणी अवघी पन्नास येन.

आता तुमचं बघा. वीस वर्षांचं गृहकर्ज घेता, दोन वर्षं आधी फेडता आणि वर व्हॉट्सअॅपवर स्टेटस ठेवता. अशानं खापरपणतू तुम्हाला भेटायला का येईल? त्याचं काय अडलंय?

पुढची तयारी झोपेची. नोबिता आडवा झाल्यापासून ०.९३ सेकंदात झोपतो. हा अधिकृत आकडा आहे. आपल्याकडे लोक योगनिद्रेच्या शिबिराला पैसे भरतात, मोबाइलवर पावसाचा आवाज लावतात, मेलाटोनिनच्या गोळ्या घेतात आणि दोन वाजता छताकडे बघत पडलेले असतात. नोबिताची पद्धत बिनखर्चाची आहे. बसायची चौकोनी गादी मधोमध दुमडायची, तातामीवर, म्हणजे जपानी चटईवर, टाकायची, तिच्यावर डोकं टेकायचं. खिडकी उघडी हवी आणि शेजारी न उघडलेली गृहपाठाची वही हवीच. वही नसेल तर ती नुसती विश्रांती झाली, तिला नोबिताची झोप म्हणता येणार नाही. आईनं खालून दोन हाका मारल्यावर तिसरीला दचकून उठायचं आणि अभ्यासच करत होतो, असं सांगायचं. गालावर गादीची शिवण उमटलेली असली तरी चालेल. शिवण उमटलेली असूनही तोंड वर करून बोलता आलं पाहिजे, खरी परीक्षा तीच.

रडण्याचं शास्त्र मात्र नीट समजून घ्या, कारण नवशिके इथेच घसरतात. त्यांना वाटतं, आळीतल्या दांडगट जियाननं बदडलं की घरी धावायचं आणि "डोरेमॉऽऽन" म्हणून भोकाड पसरायचं, झालं काम. तेवढं कुणीही करेल. नोबिता आधी स्वतःहून खड्डा खणतो. फुशारक्या मारणाऱ्या सुनियोनं डायनासोरचा जीवाश्म आणून मिरवला. बघणाऱ्यानं बघावं आणि घरी जावं. नोबितानं काय केलं? मी अख्ख्या डायनासोरचा सांगाडा शोधून दाखवतो, नाहीतर नाकानं स्पॅगेटी खाईन, अशी पैज सगळ्यांसमोर लावली. कुणी मागितली होती? कुणी नाही. संकट दारात येण्याची वाट न बघता त्याच्या घरी जाऊन त्याला आग्रहाचं आमंत्रण द्यायचं, ही त्याची रीत. नंतर डोरेमॉनला हकीकत सांगताना आपली फुशारकी गाळायची आणि फक्त "सुनियो चिडवतो" एवढंच ठेवायचं. ऑफिसात बॉसकडे तक्रारी घेऊन जाणाऱ्या मंडळींना हे वेगळं शिकवायची गरज पडू नये.

पण नोबिताचं खरं अंग दिसतं ते डोरेमॉनचं एखादं गॅजेट हातात आल्यावर. बाविसाव्या शतकातली वस्तू मिळूनही माणूस गोत्यात येऊ शकतो, किंबहुना ती मिळाल्यामुळेच येतो, हे त्यानं पन्नासहून अधिक वर्षं दाखवून दिलंय. एका गोष्टीत त्याच्या हाती एक औषध येतं. थेंब टाकला की वस्तू दर पाच मिनिटांनी दुप्पट. त्यानं तो थेंब टाकला कुरी-मांजूवर, म्हणजे आत गोड सारण भरलेल्या जपानी मिठाईवर. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. डोरेमॉननं बजावून ठेवलं होतं की सगळ्या खाऊन संपव, खाल्लेली वाढत नाही. नोबितानं खाल्ल्या, मित्रांना खिलवल्या, आणि अगदी शेवटची उरली तेव्हा पोट भरलं. घशाशी आलं. मग ती उरलेली एक मिठाई त्यानं कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि हात झटकले.

इथे थोडं थांबा. गोष्टीतला सगळा नोबिता त्या डब्यापाशी उभा आहे. आळशी माणसानं मिठाई वाढवलीच नसती, हावरटानं शेवटचीसुद्धा गिळली असती. हा दोन्ही आहे, आणि नेमका चुकीच्या वेळी चुकीचा. तासाभरात डब्यातल्या एका मिठाईच्या ४,०९६ होतात. दोन तासांत १,६७,७७,२१६. दुपटीचा हा हिशोब डोरेमॉनला तोंडपाठ होता, नोबिताला नव्हता, आणि गणितात शून्य मिळवण्याची किंमत कधी नव्हे ती पृथ्वीच्या मापात कळली. शेवटी मिठायांचा ढीग गाठोड्यात बांधून रॉकेटनं अवकाशात धाडावा लागला. तिथे त्या अजून दुप्पट होताहेत. त्याबद्दल नोबिताला काही वाटत असल्याचं दिसत नाही.

मेमरी ब्रेडची गोष्ट तर आपल्या बोर्डाच्या परीक्षार्थींनी फ्रेम करून लावावी. पावाचा स्लाइस पानावर दाबला की मजकूर पावावर उमटतो, तो खाल्ला की पाठ. परीक्षा तोंडावर आहे. तुम्ही काय कराल? पुस्तक दाबाल, पाव खाल, झोपाल. म्हणूनच तुम्ही नोबिता नाही. त्यानं आधी तो पाव टेलिफोन डिरेक्टरीवर दाबला, लोकांचे नंबर घडाघडा म्हणून दाखवले आणि कौतुक पोटात भरून घेतलं. मग खऱ्या अभ्यासाचे पाव उरलेल्या जागेत कोंबले. पोटानं दगा दिला. पाठ केलेलं सगळं सकाळी संडासात गेलं. एरवी हे आपण परीक्षेनंतर करतो, त्यानं आधी उरकलं एवढाच फरक.

तेव्हा नियम लक्षात ठेवा. गॅजेटनं जे काम होणार असेल ते होऊ द्यावं, पण तिथे थांबू नये. सूड उगवून झाला की आणखी थोडा उगवावा. गंमत झाली की शेजाऱ्यांना बोलवावं. "आता परत दे" असं मांजर म्हणालं की नेमक्या त्याच क्षणी वस्तू घेऊन खिडकीतून पळावं.

लोक नोबिताला गरीब बिचारा समजतात. तुम्ही नोबिताचा रियाज करणार असाल तर हा गैरसमज कामाला येतो, जपून ठेवा. पण ज्याला रोज मार बसतो त्याच्या हातात काठी आली की तो काय करतो, हे लेखकानं अजिबात लपवलेलं नाही. एकदा त्याच्या हाती असा स्विच येतो, की नाव घेऊन दाबला की तो माणूस जगात कधी नव्हताच. आधी जियान गेला. मग सुनियो. आणि मग संतापाच्या भरात, सगळेच जा, म्हणून त्यानं अख्खी माणूसजात पुसून टाकली. जग शिल्लक, माणसं नाहीत. काही वेळ त्याला मजाही वाटली, मग रडू फुटलं. पुढे कळतं की तो स्विच हुकूमशहांना धडा शिकवण्यासाठीच बनवलेला होता. जियान फक्त बॅट हिसकावतो, तुझं ते माझं आणि माझं ते माझंच म्हणतो, आणि गाण्याची मैफल भरवून उभ्या आळीला छळतो. माणूसजात पुसायचं त्याच्या मनात कधी आलं नाही. आयुष्यभर "माझ्यावर अन्याय होतो" म्हणणारे काका सोसायटीच्या कमिटीवर निवडून आले की पहिल्याच सभेत कुणाकुणाचं पार्किंग पुसून टाकतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ही गोष्ट कल्पित वाटणार नाही.

अंगी गुण असावेत का? असावेत, पण निवडून. नोबिताचा नेम अचूक आहे आणि बोटांवर दोरा गुंफून आकृत्या करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. दोन्हीचा शाळेत तास नाही. मुद्दाम अशीच कला धरा. एकदा त्याला काय-झालं-असतं-तर विचारता येणारी टेलिफोनची पेटी मिळाली. तिच्यात जाऊन गणित येऊ दे, असं मागता आलं असतं. त्यानं मागितलं ते असं जग, जिथे दोऱ्याच्या खेळालाच सर्वांत जास्त मान आहे. स्वतःला पाढे येत नाहीत तर जगानंच पाढे सोडून द्यावेत! एवढा आत्मविश्वास वर्गातल्या हुशार डेकिसुगीकडे नाही, आणि त्याला तर प्रत्येक पेपरात शंभर मिळतात.

असा मुलगा सरकारांच्या डोळ्यांत खुपणारच. आपल्याकडे तो हिंदीत रडतो. बांगलादेशातही हिंदीतच रडायचा आणि तिथली पोरं त्याच्याबरोबर हिंदी बोलायला लागली, म्हणून २०१३ मध्ये तिथल्या सरकारनं हिंदी डबिंगवर बंदी घातली. २०१६ मध्ये पाकिस्तानच्या पंजाब विधानसभेत बंदीची मागणी करणारा ठराव आला. ज्याला तोंडी बेरीज जमत नाही त्याच्यावर दोन देशांनी डोकं खपवलं. मायदेशात मात्र वेगळाच न्याय. जपानच्या परराष्ट्र मंत्रालयानं २००८ साली अॅनिमेचा, म्हणजे जपानी कार्टूनपटांचा, राजदूत नेमला तो मांजराला. रडायचं एकानं आणि राजदूत व्हायचं दुसऱ्यानं. नोबिता होणाऱ्यांनी पदाची अपेक्षा ठेवू नये, असा याचा अर्थ घ्यावा.

एक सावधगिरीची सूचना द्यावीच लागेल. पुढे जाऊन या मुलाचं लग्न त्याच्याच वर्गातल्या शिझुकाशी होतं. लग्नाच्या आदल्या रात्री ती वडिलांपाशी घाबरून रडते, तेव्हा वडील म्हणतात की निवड बरोबर आहे, दुसऱ्याच्या सुखात सुखी होणारा आणि दुसऱ्याच्या दुःखात दुःखी होणारा माणूस आहे तो. गुणपत्रिका त्यांनी मागितली नव्हती. पगाराची स्लिप, फ्लॅट, परदेशी नोकरी, यातलं काहीच विचारलं नाही. आपल्या विवाह मंडळाच्या फॉर्मात या गुणासाठी रकानाच नाही, तेव्हा तो कमवायच्या भानगडीत पडू नये. शून्य, झोप, रडणं, हाव, एवढा अभ्यासक्रम पुष्कळ आहे.

राहता राहिली जागा. नोबिताला लागतं एक मोकळं मैदान आणि त्यात एकावर एक रचलेले सिमेंटचे तीन पाइप. त्यातल्या पाइपांची आपल्याकडे ददात नाही. पुण्यात म्हणा, ठाण्यात म्हणा, जलवाहिनीच्या कामासाठी ते रस्त्याकडेला येऊन पडलेत आणि पडूनच आहेत. मैदान तेवढं मिळत नाही. जिथे होतं तिथे आता तेवीस मजले आहेत आणि त्यांच्या सातव्या मजल्यावर पोडियम गार्डन आहे, ज्यात बॉल खेळायला मनाई आहे. म्हणजे शेजारच्या तापट आजोबांची काच फुटण्याची सोयच उरली नाही.

आणि वेळेचं काय? नोबिता शाळेतून घरी येतो, दप्तर भिरकावतो आणि दुपार त्याची. आमच्या शेजारच्या मुलाला मी मोठ्या उमेदीनं विचारलं, नोबिताची शिकवणी लावशील का म्हणून. त्यानं आईला हाक मारली. वहिनींनी फ्रिजवरचं वेळापत्रक पाहून सांगितलं, "भावोजी, सोमवार-गुरुवार अबॅकस, मंगळवार-शुक्रवार रोबोटिक्स, बुधवारी स्केटिंग, शनिवारी स्कॉलरशिपचा क्लास. रविवारी चार ते साडेचार रिकामा आहे बघा. तेवढ्यात शिकवून होईल ना?"