‘गप्प राहिलो म्हणून घरं टिकली’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

लहानपणच्या लैंगिक अत्याचारातून सावरण्याबद्दल मी लिहिलं, त्यावरच्या प्रतिक्रियेची सुरुवातच तुम्ही ‘बाळा’ अशी केलीत. मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे आणि आपली ओळख नाही. मतभेद असू देत, पण हा समजूत काढण्याचा सूर मनाला लागला. घरात मला गप्प बसवताना सगळे याच सुरात बोलायचे.

लेख लांबला, ही तुमची तक्रार मान्य.

आता तुमचं वाक्य : ‘आमच्या पिढीतही हे घडायचं, पण आम्ही गप्प राहिलो म्हणून घरं टिकली.’ कुणाची टिकली? ज्याने केलं तो नातेवाईक आमच्याकडे प्रत्येक कार्यात मानाने पंगतीला बसायचा आणि मी पोट दुखतंय सांगून आतल्या खोलीत पडून राहायचे. याला तुम्ही घर टिकणं म्हणता?

२००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा अहवाल आला. १३ राज्यं, १२,४४७ मुलं. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासातले. आणि बहुतेक मुलं कुणाजवळच बोलली नव्हती. तुमची ती शांतता म्हणजे हीच मुलं.

मी सावरले ती आत्यामुळे. तिने ऐकून घेतलं, ‘तेव्हाच का नाही बोललीस’ असं विचारलं नाही आणि पुढच्या कार्याला त्या माणसाला बोलावू दिलं नाही. समुपदेशन नंतर आलं, त्यानेही फरक पडला. पण पाया तिने घातला. एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा कित्येक दशकं पाठपुरावा केला. खडतर बालपणातूनही जी नीट उभी राहिली, त्यांच्यामागे बहुधा एखादं तरी खात्रीचं मोठं माणूस होतं. माझ्या बाबतीत ते अगदी खरं आहे, आणि याबाबत मला कुणी शिकवू नये.

तुमच्या ‘पाश्चात्त्य खूळ’, ‘समुपदेशकांचा धंदा’ वगैरे शेऱ्यांवर मी वेळ घालवणार नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. पण तिच्याखाली एका मुलीने स्वतःबद्दल चार ओळी लिहिल्या आहेत. तिला ‘माफ करून टाक’ असा सल्ला दिलात, तर तो मात्र काढेन. माफ करायचं की नाही, ते ती ठरवेल.