तिबोटी खंड्याची दरड

तिबोटी खंड्या आमच्या रायगडचा जिल्हा पक्षी झाला तेव्हा मी घरात सगळ्यांना पुन्हापुन्हा सांगत सुटलो होतो. आता जून आला की पोटात गोळा येतो.

हा पक्षी चोच धरून जेमतेम १३ सेंटिमीटरचा. वजन १४ ते २० ग्रॅम. बहुतेक खंड्यांच्या पायाला चार बोटं, याला तीनच. वीजेच्या तारेवर बसणारा खंड्या कुणालाही दिसतो. हा रानातल्या पऱ्याकाठी, म्हणजे छोट्या ओढ्याकाठी, सावलीत बसतो आणि बारीक चिरकी शीळ घालत सुंकन निघून जातो. केशरी-जांभळं काहीतरी गेलं, एवढंच कळतं. खंड्या असून नुसते मासे खाऊन याचं भागत नाही. पिल्लांसाठी पाली, सापसुरळ्या, खेकड्याची पिल्लं, बेडक्या, कोळी असं काय काय आणतो. चोचीत धरलेली सापसुरळी फांदीवर आपटताना एकदा पाहिलीय. जवळजवळ त्याच्याच लांबीची होती!

याचं सगळं गणित पावसावर आहे. उन्हाळ्यात आपली लाल माती दगडासारखी असते. पहिल्या सरींनी ती मऊ झाली की नर-मादी दोघं मिळून उभ्या दरडीत बीळ कोरतात, कधी कधी हातभर खोल. चार-पाच अंडी, दोघंही आळीपाळीने उबवतात, साधारण १७ दिवस. पुढे आणखी वीसेक दिवस पिल्लं बिळातच. म्हणजे घरट्यासमोर कुणी ठाण मांडलं, तर नेमके याच दिवसांत पिल्लांच्या तोंडचा घास अडतो.

आणि आपण तेच करतो. मागे एका पऱ्यावर बिळासमोर नऊ कॅमेरे मोजले मी. आडव्या येणाऱ्या फांद्या कुणीतरी आधीच तोडून ठेवल्या होत्या. जोडी पाल घेऊन पलीकडच्या झाडावर ताटकळत होती, बिळाकडे येईना. मी तिथे बोललो, वाद झाला. त्या फोटोंना भरपूर लाइक मिळाले असतील. मला ते फोटो बघवत नाहीत. घरट्याचा फोटो काढूच नये, जागा तर कुणालाच सांगू नये, या मतावर मी ठाम आहे.

कॅमेरेवाले निदान संध्याकाळी घरी जातात. जेसीबीने तासून सिमेंटची भिंत घातलेली दरड मात्र कायमची गेली. आपल्या जिल्ह्यातलं कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य १२ चौरस किलोमीटरच्या आसपास. तेवढ्यात सगळे खंड्ये मावणार नाहीत. बाकीचे आपल्या गावांच्या पऱ्यांवर, रस्त्याच्या कडेच्या मातीतच बिळं करतात. ग्रामपंचायतीत कुणी ओळखीचं असेल तर एवढं सांगा: काठ बांधायचाच असेल तर पावसाळा सरल्यावर बांधा, आणि झाडीखालचा पुरुषभर उंचीचा तरी मातीचा उभा तुकडा तसाच सोडा.