शिंपल्यांवरची बंदी उठते कशी, ते आधी विचारा

मे 2024 मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगॉन राज्याने आपल्या संपूर्ण किनाऱ्यावर मसल, म्हणजे आपल्याकडचे शिनाणे, वेचायला बंदी घातली. शिंपल्यांतल्या विषाने त्या सुमारास वीसहून अधिक माणसं आजारी पडली होती. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यानेही लगोलग आपला पॅसिफिक किनारा बंद केला. अशी बातमी आपल्याकडे पोचली की दोनच सूर निघतात. ‘तिकडचं सरकार बघा किती जागरूक!’ आणि ‘आमच्या आज्या जन्मभर तिसऱ्या खात आल्या, कुणाला काही झालं नाही.’

दुसऱ्या सुराचं उत्तर केरळात आहे. सप्टेंबर 1997 मध्ये विळिंजमला मसल खाऊन सात जण दगावले, शेकडो लोकांना इस्पितळात न्यावं लागलं. विष तेच, सॅक्सिटॉक्सिन. अलेक्झांड्रियमसारखी सूक्ष्म शैवालं ते तयार करतात, शिंपला पाणी गाळताना ती गिळतो आणि स्वतः मजेत राहतो. माणसाला आधी ओठ आणि जिभेला मुंग्या येतात, मग बोटांना, आणि विष फार गेलं असेल तर श्वासाचे स्नायू थांबतात. उतारा नाही, विष उतरेपर्यंत व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवणं एवढंच हाती असतं.

‘नीट शिजवलं की झालं’ हा समज सगळ्यात घातक. या विषाची जुनी प्रमाणित चाचणी पाहा. शंभर ग्रॅम वाटलेलं मांस शंभर मिलिलिटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात पाच मिनिटं उकळायचं, पीएच 4 च्या वर जाऊ द्यायचा नाही, मग अर्काचा एक मिलिलिटर साधारण वीस ग्रॅमच्या उंदराच्या पोटात टोचायचा आणि तो किती मिनिटांत मरतो ते मोजायचं. म्हणजे चाचणीच उकळण्यापासून सुरू होते, आणि उंदीर तरीही मरतो. शिवाय विष पाण्यात विरघळतं. शिजवताना सुटलेलं पाणी आपण मोठ्या प्रेमाने रश्शात ओततो, त्यातही ते उतरलेलं असतं. वास नाही, चव नाही. पाणी लाल दिसलं तर विष, स्वच्छ दिसलं तर निर्धास्त, हाही हिशेब चुकतो.

आता पहिल्या सुराकडे. तिकडच्या बंदीची किंमत आदेशात नाही, नमुन्यात आहे. ओरेगॉनमध्ये हवा आणि भरती-ओहोटी साधली तर महिन्यातून दोनदा नमुने घेतात. शंभर ग्रॅम मांसात 80 मायक्रोग्रॅम सॅक्सिटॉक्सिन ही मर्यादा. ती गाठली की तो भाग बंद, आणि लागोपाठ दोन नमुने सुरक्षित आल्याशिवाय उघडत नाही. बंद करणं सोपं असतं हो. उघडायला मात्र पुरावा लागतो, आणि तो पुरावा गोळा करायला कुणीतरी पहाटेच्या ओहोटीला चिखलात उतरावं लागतं.

पण ‘तिकडे’ म्हणजे सगळीकडे नाही. अलास्का राज्य विक्रीचे शिंपले तपासतं. घरच्या खाण्यासाठी वेचणाऱ्यांचे किनारे तपासत नाही. ती पोकळी तिथल्या सिट्का या मूळनिवासी जमातीने स्वतःची प्रयोगशाळा उभारून भरली. आग्नेय अलास्कातल्या इतर जमाती तिथे नमुने पाठवतात. कोकणाला धडा घ्यायचाच असेल तर तो सिट्काकडून घ्यावा, कारण आपली स्थितीही तशीच आहे. 80 मायक्रोग्रॅमची मर्यादा अन्नसुरक्षेच्या आपल्या नियमांतही आहे. खाडीत कमरेएवढ्या पाण्यात हाताने तिसऱ्या काढून बाजारात वाट्यावर विकणाऱ्या बाईच्या टोपलीपर्यंत ती पोचत नाही. महाराष्ट्रातली 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी यांत्रिक नौकांसाठी, माशांच्या विणीसाठी. तिचा विषाशी संबंध नाही. उपग्रहावरून शैवालाचा बहर दिसतो, विष दिसत नाही.

सुरुवात फार महागही नाही. खाडीच्या तोंडाशी धक्क्यावरून शिनाण्यांची एक टोपली लटकती ठेवायची. पंधरा दिवसांनी वीस मायक्रॉनच्या जाळीतून पाणी गाळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. वॉशिंग्टनमधल्या प्युजेट साउंड या खाडीत हे काम प्रशिक्षित स्वयंसेवकही करतात. संशयित शैवाल दिसलं की टोपलीतलं मांस प्रयोगशाळेकडे. मेख एकच आहे: मसल विष चटकन घेतात आणि काही आठवड्यांत सोडतात, पण तिकडचा बटर क्लॅम नावाचा शिंपला ते वर्षभर, कधी दोन वर्षंही धरून बसतो. शिनाणे स्वच्छ आले म्हणून तिसऱ्या आणि कालवं मोकळी करायची नाहीत. ती वेगळी तपासायची. आपल्या जाती विष किती दिवस धरतात ते आपल्याच खाड्यांत मोजावं लागेल. अमेरिकेचा आकडा उसना घेऊन चालणार नाही.

तपासणीशिवाय सरसकट बंदी घातली तर ती उठवायची कधी हे कुणालाच कळणार नाही, आणि महिन्याभरात ती कुणी पाळणारही नाही. म्हणून आदेशात तीन गोष्टी हव्यात: कोणती खाडी, कोणता शिंपला, पुढचा नमुना कधी. वॉशिंग्टनच्या किनाऱ्यांवर इशाऱ्याच्या पाट्या अनेक भाषांत असतात, कारण वेचणारे नाना देशांतून आलेले आहेत. आपल्या पाटीवर ‘द्विपुटी मृदुकाय प्राणी’ असं लिहिलं तर ते वाचून कुणीही टोपली खाली ठेवणार नाही. तिथे तिसऱ्या, कालवं, शिनाणे असंच लिहावं.